ओरखडा गातो कसा?

आमच्या गडहिंग्लजच्या जुन्या घराला माळा होता आणि माळ्यावर मिरच्या होत्या. संकेश्वरी मिरचीची पोतीच्या पोती. गडहिंग्लजचं नाव काढलं की बाजारातली मिरची आणि मैदानावरचा फुटबॉल, या दोन गोष्टी कुणीही सांगेल. या दोन्हींचा शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन गाण्यांशी संबंध आहे, असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल. हसा खुशाल. मी सांगायला सुरुवात करते.

मी चौथीत होते. मे महिन्याची सुट्टी. आज्जी म्हणाली, "माळ्यावरनं पितळी डबा काढून दे की गं जरा." मी शिडी लावून वर. डबा काही सापडला नाही, पण एका गंजक्या ट्रंकेत, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक काळी तबकडी सापडली. ताटलीएवढी, पण हातात घेतल्यावर चांगली जड. मधोमध भोक, भोकाभोवती गोल कागद, कागदावर कर्ण्यासमोर कान देऊन बसलेला कुत्रा. खाली इंग्रजीत बरंच काही छापलेलं. त्यातला एकच शब्द मला लागला: फॉक्स. फॉक्स म्हणजे कोल्हा, हे शाळेत नुकतंच झालं होतं. म्हणजे ही कोल्ह्यांच्या गाण्याची तबकडी! "आज्जी, कोल्ह्याचं गाणं सापडलं," असं ओरडायला मी तोंड उघडलं, आणि मिरचीचा खकाणा नाकात गेला. एक शिंक, दुसरी शिंक. तिसऱ्या शिंकेला तबकडी हातातून निसटली.

शहाबादी फरशीवर पडून तिचे पाच तुकडे झाले. आज्जी धावत आली. "फोडलीस व्हय गं? फोनोची तबकडी ती. तुझ्या आज्ज्याच्या भावानं मुंबईसनं आणलेली!"

त्या रात्री कुणी मला रागावलं नाही, पण कुणी लाडही केले नाहीत. मी गुपचूप एक तुकडा घेतला आणि आजोबांच्या भिंगाखाली धरला. तबकडीवर रेघा होत्या, केसासारख्या बारीक, एकीला एक लागून. नुसत्या डोळ्यांना त्या सरळ दिसत. भिंगाखाली मात्र त्या सरळ नव्हत्या, डावी-उजवीकडे थरथरत गेलेल्या होत्या. उन्हाळ्यातली हिरण्यकेशी वाळूतून वाट काढत जाते ना, तशा. काका म्हणाले, "त्या रेघांतच गाणं असतं." मी म्हटलं, "ओरखड्यात?" काका म्हणाले, "ओरखड्यातच."

आता तुम्ही एक करा. घरातली फणी घ्या आणि तिच्या दातांवरून नख फिरवा. र्‍र्‍र्‍र्‍ असा आवाज येईल. हळू फिरवलंत तर जाडा, झटकन फिरवलंत तर बारीक. आता फणीची पाठ एखाद्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर टेकवा आणि पुन्हा नख फिरवा. आवाज एकदम मोठा झाला ना? झालं, तुम्ही फोनो बनवलात. फणीचे दात म्हणजे तबकडीवरच्या रेघेची नागमोड, नख म्हणजे फोनोची पिन आणि डबा म्हणजे कर्णा. पिन रेघेतून जाताना रेघेबरोबर थरथरते, ती थरथर एका पातळ पडद्याला जाऊन भिडते, पडदा हवा हलवतो, आणि कर्णा तो आवाज खोलीभर पसरवतो. त्या फोनोला वीज लागत नसे. हँडल फिरवून स्प्रिंगला चावी द्यायची, की तबकडी फिरायला लागे. चावी उतरत आली की गाणारी बाई हळूहळू बुवा होत जाई. का, ते फणीला विचारा.

ती तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई. एका बाजूला गाणं साधारण तीन मिनिटांचं. म्हणजे २३४ फेरे. रेघ मात्र एकच, बाहेरून आत गुंडाळत नेलेली. ती उलगडून सरळ केली तर किती लांब होईल? मी हिशेब केला: सव्वाशे मीटरच्या आसपास. फुटबॉलचं मोठं मैदान शंभर-एकशेदहा मीटर लांब असतं. म्हणजे या टोकाच्या गोलपासून रेघेवरून पळत सुटलात, समोरचा गोल ओलांडून बाहेर गेलात, तरी गाणं संपलेलं नसतं. आणि त्या सव्वाशे मीटरभर थरथर कोरलेली. सेकंदाला ४४० वेळा थरथरणारा सूर घ्या. तबकडीच्या बाहेरच्या कडेला त्याची एकेक लाट जेमतेम सव्वादोन मिलिमीटरची पडते. आत जावं तशी फेऱ्याची लांबी कमी होते, त्याच सुराच्या लाटा दाटीवाटीनं बसतात, आणि भोकाजवळ एकेक लाट मिलिमीटरहूनही लहान होते.

कोल्ह्याचं कोडं मला बऱ्याच वर्षांनी सुटलं. शब्द नुसता फॉक्स नव्हता, 'फॉक्सट्रॉट' होता. फॉक्सट्रॉट हा जोडीनं करायच्या एका नाचाचा प्रकार. तबकडीवर कोणत्या नाचाची चाल आहे ते कंपनी कागदावरच छापायची, म्हणजे घरात नाचणाऱ्यांना पावलं कशी टाकायची ते आधीच कळे. १९२०च्या दशकात अमेरिकेत सगळं पोरसोर नाचत होतं आणि ज्या संगीतावर नाचत होतं त्याचं नाव जॅझ. म्हणून त्या काळाला जॅझयुगच म्हणतात.

जॅझचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं फेब्रुवारी १९१७मध्ये, न्यूयॉर्कला. 'लिव्हरी स्टेबल ब्लूज' हे त्यातल्या एका चालीचं नाव. लिव्हरी स्टेबल म्हणजे भाड्याच्या घोड्यांचा तबेला. वाजवणाऱ्यांनी काय केलं असेल? क्लॅरिनेटमधून कोंबडा आरवला, कॉर्नेटमधून घोडा खिंकाळला आणि ट्रॉम्बोनमधून गाय हंबरली! लोक वेडे झाले. माझी कोल्ह्याची कल्पना अगदीच टाकाऊ नव्हती म्हणायची.

पण ते वाजवणारे गोरे होते, आणि जॅझ मुळात त्यांचं नव्हतं. ते जन्मलं न्यू ऑर्लिन्स गावात, आफ्रिकी वंशाच्या लोकांमध्ये. त्यांच्या आज्या-पणज्यांना गुलाम म्हणून विकलं गेलं होतं. शेतात राबताना गायची गाणी, चर्चमधली गाणी, मिरवणुकीतले बँड, सगळं एकत्र झालं आणि त्यातून जॅझ निघालं. पुढं न्यूयॉर्कच्या 'कॉटन क्लब'मध्ये ड्यूक एलिंग्टनसारखा मोठा संगीतकार आपल्या वाद्यवृंदासह वाजवायचा. वाजवणारे, नाचणारे सगळे काळे, आणि ऐकायला आत प्रवेश फक्त गोऱ्यांना. म्हणजे गाणं चालतं, माणूस चालत नाही! शाहू महाराजांच्या जिल्ह्यातल्या मुलांना यात काय चूक आहे ते वेगळं सांगायला नको.

जॅझ कळायला अवघड वाटतं, पण हलगी ऐकलेल्या पोराला ते पटकन कळेल असं मला वाटतं. असं करा, एक-दोन-तीन-चार मोजा आणि टाळी एक आणि तीनवर द्या. कवायत वाटली ना? आता टाळी दोन आणि चारवर द्या. मान आपोआप डोलायला लागते. ठोका जिथं पडेल असं वाटतं तिथं पडत नाही, जरा अलीकडे नाहीतर पलीकडे पडतो, आणि त्यामुळं पायाला गुदगुल्या होतात. हलगीवाला घुमक्याच्या ठोक्याशी नेमका हाच खेळ खेळतो. आपल्या गाण्याच्या शास्त्रात समेच्या आधी-नंतर येण्याला अनागत आणि अतीत अशी नावंसुद्धा आहेत.

दुसरी गंमत सुरांची. पेटीवर कोमल गंधाराची पट्टी असते, शुद्ध गंधाराची असते. दोन्हींच्या मधला गंधार लावायचा तर? पेटी म्हणेल, माझ्याकडं नाही बुवा. गळा मात्र म्हणेल, हा घे. जॅझ आणि ब्लूज नावाची दुःखाची गाणी गाणारे तिथंच मुक्काम ठोकतात. दुःखाच्या गाण्यात तो मधला सूर असा काही कळवळतो की ज्याचं नाव ते. त्याला ते 'ब्लू नोट' म्हणतात. आपल्याकडं श्रुतींचा अभ्यास करणाऱ्यांना तो सूर परका वाटायचं कारण नाही.

आणि वाद्यांशी चाळे तर विचारूच नका! ट्रम्पेटच्या तोंडावर वाटी धर, पेला धर, टोपी धर, असे प्रकार. एलिंग्टनच्या वाद्यवृंदातले लोक तर तुंबलेली मोरी मोकळी करायचा रबरी वाडगा असतो ना, तो दांडा काढून ट्रम्पेटच्या तोंडाशी धरायचे आणि उघडझाप करायचे. वॉव-वॉव असा माणसासारखा आवाज निघे. (नवा आणायचा हं. मोरीतला नाही.)

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या माणसाकडं येते. लुई आर्मस्ट्राँग. जन्म १९०१, न्यू ऑर्लिन्स. घरची परिस्थिती इतकी बेताची की लहानपणी तो एका कुटुंबाच्या गाडीवर काम करायचा. गाडी आल्याचं लोकांना कळावं म्हणून तो पत्र्याची पिपाणी वाजवत जाई. अकरा वर्षांचा असताना, नववर्षाच्या आदल्या रात्री, पठ्ठ्यानं भर रस्त्यात हवेत पिस्तूल उडवलं. पोलिसांनी धरलं आणि मुलांच्या सुधारगृहात धाडलं. तिथं बँड होता. त्या बँडात त्याच्या हाती कॉर्नेट आलं. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचं आखूड भावंड. दहा वर्षांनी तो शिकागोत होता, आणि त्याच्या फुंकरीची कीर्ती सगळीकडं झाली होती.

ही फुंकर भलतीच जोरकस होती, आणि त्यानं एक अडचण झाली. १९२५च्या आधी ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोन नसे. फोनोचीच उलटी तऱ्हा: मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, कर्ण्याच्या टोकाचा पडदा थरथरणार, त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणावर ओरखडा काढणार. सगळ्यांचा आवाज एकाच कर्ण्यात जायचा, त्यामुळं कुणी किती लांब उभं राहायचं हाच मोठा प्रश्न. बेताचा आवाज असलेल्यांनी पुढं, दणदणीत वाद्यांनी मागं. ढोल तर नकोच, एक दणका बसला की सुई उडालीच. १९२३ साली किंग ऑलिव्हरच्या वाद्यवृंदाबरोबर आर्मस्ट्राँग पहिल्यांदा ध्वनिमुद्रणाला गेला, तेव्हा त्याला सगळ्यांच्या मागं, पार लांब कोपऱ्यात उभं केलं असं सांगतात. तो स्टुडिओ रेल्वेच्या रुळांशेजारी होता. गाडी आली की सगळं थांबवायचं, गाडी गेली की पुन्हा पहिल्यापासून.

त्या काळात गायचं तर दणकट गळाच हवा. बेसी स्मिथ नावाची गायिका होती, तिला ब्लूजची सम्राज्ञी म्हणत, तिला कर्ण्याची काय पर्वा! आपल्याकडंही कोल्हापूरचे केशवराव भोसले मायक्रोफोन नसताना नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचत असत. मग १९२५ साली विजेचा मायक्रोफोन आला आणि हळू आवाजाच्या लोकांचं फावलं. कानाशी येऊन गुणगुणल्यासारखं गाणारे बिंग क्रॉसबीसारखे गायक त्यानंतरच मोठे झाले. एका यंत्रानं गाण्याची पद्धतच बदलून टाकली.

मेणावर ओरखडा काढला, पण मेण विकता येत नाही. त्याचा धातूचा साचा करायचा आणि त्या साच्यानं पापडासारख्या तबकड्या दाबून काढायच्या. कशाच्या? इथं मला माझ्या आज्जीचा कोल्हापुरी साज आठवतो. साजाचे मणी बाहेरून सोन्याचे दिसतात, पण आत पोकळ सोन्यात लाख भरलेली असते, म्हणून ते चेपत नाहीत. फोनोच्या तबकड्या याच लाखेच्या! त्यात दगडाची पूड, काजळी असं बरंच काही मिसळत, पण सगळ्याला धरून ठेवायची ती लाख.

लाख कोण करतं? एक किडा. अगदी इवलासा. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांना हे किडे हजारोंनी चिकटतात, रस पितात आणि अंगातून चिकट द्रव सोडतात. तो वाळून फांदीवर कवच तयार होतं. ते खरवडायचं, धुवायचं, वितळवायचं. जगातली बहुतेक लाख तेव्हा हिंदुस्थानातून जाई, विशेषतः छोटा नागपूरच्या जंगलांतून. म्हणजे न्यू ऑर्लिन्सचा पोरगा शिकागोत कॉर्नेट फुंकणार, आणि ती फुंकर टिकणार आपल्याकडच्या पळसावरच्या किड्याच्या जिवावर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला लाख मिळेना, तेव्हा तिथल्या लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करून, दळून, त्यांच्या नव्या तबकड्या केल्या गेल्या.

महाभारतातलं लाक्षागृह आठवतंय? लाख भुर्रकन पेटते. दुर्योधनानं पांडवांसाठी रेकॉर्डींच्याच सामानाचं घर बांधलं होतं म्हणा ना. आणि लाख ठिसूळ. तिसऱ्या शिंकेनंतर तबकडीचे पाच तुकडे का झाले, याचं उत्तर तुम्हाला मिळालं.

अजून एक गंमत. दगडाची पूड का मिसळत? पोलादी पिन तबकडीवर टेकली की ती पूड पिनेलाच घासायची आणि पिनेचं टोक रेघेच्या मापाचं करून घ्यायची. म्हणून दर गाण्याला पिन बदलावी लागे. पिनांच्या छोट्या पत्र्याच्या डब्या मिळत. आमच्या घरातल्या एका डबीत आज्जी पुढं लवंगा ठेवायची.

तबकड्या बोटीनं मुंबईला येत आणि काही वर्षांत त्यांच्यामागून माणसंही आली. १९३५ साली लिऑन ॲबीचा सगळा काळ्या वादकांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. नंतर आला पियानोवाला टेडी वेदरफर्ड. हा शिकागोत आर्मस्ट्राँगच्या बरोबरीनं एकाच वाद्यवृंदात वाजवलेला माणूस! त्यांच्या शेजारी बसून शिकायला कोण होतं? गोव्याची मुलं. गडहिंग्लजहून आजरा, आंबोली, सावंतवाडी केलं की गोवा. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना लहानपणीच व्हायोलिन आणि नोटेशन शिकवत, त्यामुळं कागद समोर ठेवला की ती वाजवायला तयार. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ हा त्यातलाच. तो ट्रम्पेट वाजवायचा, आर्मस्ट्राँगसारखाच घोगऱ्या आवाजात गायचा, आणि त्यानं नाव घेतलं होतं चिक चॉकलेट. लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. १९५१चा 'अलबेला' सिनेमा आजोबांना विचारा, भगवानदादांचा. त्याचं संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं. पडद्यावर झगमगीत कपड्यांत बँड वाजवताना दिसतो तो चिक चॉकलेट. तुमच्या गल्लीतल्या वरातीत ज्या चालींवर नाचतात, त्यांतल्या काहींचे धागे असे पार न्यू ऑर्लिन्सला जाऊन पोचतात.

इथंच लेख संपवला असता. पण गोष्टीचा सगळ्यात लांबचा तुकडा अजून राहिलाय.

१९७७ साली अमेरिकेच्या 'नासा'नं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. ती परत येणार नव्हती. गुरू, शनी बघून सूर्यमालेच्या बाहेर निघून जाणार होती. कार्ल सेगन या शास्त्रज्ञाच्या मनात आलं, कधी काळी कुणा परग्रहवासीयाला ही यानं सापडली तर? त्याला आपली ओळख कशी पटायची? म्हणून प्रत्येक यानाला एकेक तबकडी बांधली. लाखेची नाही, तांब्याची, वरून सोन्याचा मुलामा. साधारण ३० सेंटिमीटर रुंद. त्यावर चित्रं, पृथ्वीवरचे आवाज, ५५ भाषांतले निरोप आणि दीड तासाचं संगीत, सगळं ओरखड्याच्या रूपात. निरोपांत मराठी आहे आणि कन्नडही आहे. गडहिंग्लजच्या बाजारात ऐकू येणाऱ्या दोन्ही भाषा! सोबत वाजवायची सुई दिलीय आणि तबकडीच्या झाकणावर ती कशी वाजवायची याची चित्रं कोरलीत. झाकणावर युरेनियमचा एक छोटा ठिपकाही आहे. युरेनियम ठरलेल्या गतीनं झिजत जातं, साडेचारशे कोटी वर्षांत निम्मं होतं. किती झिजलं ते मोजलं की यान कधी निघालं ते कळणार.

पृथ्वीवरच्या सगळ्या गाण्यांतून फक्त २७ निवडायची होती. तुम्ही कोणती निवडली असती? त्यांनी घेतलेल्यांत आर्मस्ट्राँग आहे: 'मेलन्कली ब्लूज', १९२७ सालचं. त्याच सालचं ब्लाइंड विली जॉन्सन या अंध गायकाचंही एक आहे. त्यात शब्दच नाहीत. गिटारीबरोबर नुसतं हुंकारणं. रात्र झाली आणि झोपायला जागा नाही, अशा माणसाचं दुःख त्यात आहे. सेगनच्या मंडळींना वाटलं, हे कळायला भाषा लागणार नाही.

आणि भारतातून एकच गाणं आहे. भैरवीतलं 'जात कहाँ हो'. गायिका केसरबाई केरकर.

केसरबाई गोव्यातल्या केरी गावच्या. आठ वर्षांच्या असताना गाणं शिकायला त्या कोल्हापुरात आल्या होत्या, अब्दुल करीम खाँसाहेबांकडे. पुढं मुंबईत त्यांनी वर्षानुवर्षं तालीम घेतली ती अल्लादिया खाँसाहेबांची, म्हणजे शाहू महाराजांच्या दरबारातल्या गवयांची. इकडं केसरबाई खाँसाहेबांपुढं बसून पलटे घोटत होत्या, त्याच वर्षांत तिकडं आर्मस्ट्राँग शिकागोत कॉर्नेट फुंकत होता. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल. मैफलीत एकेक राग तासभर मांडणाऱ्या केसरबाई, पण या भैरवीला मिळाली आहेत साडेतीन मिनिटं. आर्मस्ट्राँगचं गाणंही तीन मिनिटांचं. जुन्या तबकडीचं माप दोघांनाही सारखंच बसलं.

हे गाणं सापडलं कसं, तेही ऐका. संगीताचे एक अभ्यासक, रॉबर्ट ब्राउन, यांनी ते सुचवलं, पण रेकॉर्ड कुठं मिळेना. शोधता शोधता न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय दुकानात, टेबलाखाली पडलेल्या खोक्यात ती मिळाली. त्या दुकानात कुणी मिरच्या ठेवल्या नव्हत्या हे नशीब.

पहिलं यान २० ऑगस्टला सुटलं, दुसरं ५ सप्टेंबरला. (पहिल्या सुटलेल्याचं नाव व्हॉयेजर-२ आणि नंतर सुटलेल्याचं व्हॉयेजर-१. शास्त्रज्ञांचंही असं असतं!) १६ सप्टेंबर १९७७ला केसरबाई वारल्या, दुसरं यान निघून अकरा दिवस झाले होते. आर्मस्ट्राँग त्याआधी सहा वर्षं गेलेला.

व्हॉयेजर-१ सेकंदाला सतरा किलोमीटर जातं. गडहिंग्लजहून कोल्हापूरला एसटीला जवळजवळ दोन तास लागतात. व्हॉयेजरला लागतील चार सेकंद. आज ते पृथ्वीपासून २,५०० कोटी किलोमीटरच्या आसपास आहे. माणसानं बनवलेली दुसरी कोणतीही वस्तू इतक्या लांब गेलेली नाही. त्याचा संदेश प्रकाशाच्या वेगानं निघतो, तरी आपल्याकडं पोचायला जवळपास एक दिवस लागतो. तिथं हवा नाही, म्हणून आवाज नाही. तबकडी फिरतही नाही. कोल्हापूरची तालीम आणि शिकागोची फुंकर एकाच सोन्याच्या पत्र्यावर शेजारी शेजारी, ओरखडा होऊन गप्प बसली आहेत.

तुमच्याकडं माळा असेल, जुनी ट्रंक असेल, तर या सुट्टीत जरा बघा. काळी, जड तबकडी सापडली तर ती कडेनं दोन्ही हातांनी धरा, रेघांना बोटं लावू नका. आडवी रचून वर ओझं ठेवू नका, उभी ठेवा. उन्हात तर मुळीच ठेवू नका, लाख मऊ पडते आणि तबकडी भाकरीसारखी वाकडी होते. भिंग असेल तर रेघांवर धरा आणि नागमोड शोधा. आणि माळ्यावर मिरच्या असतील, तर आधी नाकाला रुमाल बांधा.